दादाच्या स्वागताची रंगीत तालीम

तीर्थस्वरूप मावशीस,

चपला दाराबाहेर काढून, पाय पुसून, आणि तू विचारायच्या आत हात धुतल्याचं सांगून केलेला नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, हे तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, पण मी विसरलो, त्यामुळे दोघांचीही चौकशी करतो. काकांचा रेडिओ दुरुस्त झाला का, की ते अजून त्याला थापट्या मारूनच बातम्या काढतात? मांजरीला मात्र माझा नमस्कार सांगू नकोस. गेल्या वेळी तिने माझ्या हस्तलिखितावर जे केलं ते मी विसरलेलो नाही. (तू तेव्हा म्हणालीस की निदान ती शेवटच्या पानापर्यंत तरी पोचली. तेही विसरलेलो नाही.) इकडे आम्ही सगळे खुशाल. सगळे म्हणजे कोण कोण, ते पुढे येईलच.

आणि हो, पुस्तक मिळालं. म्हणजे मी तुला पाठवलेलं पुस्तक तू मला परत पाठवलंस, ते मिळालं. मावशी, अख्ख्या पुस्तकात मी मुद्दाम एकही पूर्णविराम वापरला नव्हता. तो प्रयोग होता. माणसाच्या मनात पूर्णविराम नसतात असं माझं म्हणणं होतं. तू लाल पेन्सिलीने सगळे घालून पाठवलेस आणि शेवटच्या पानाखाली लिहिलंस, ‘मुद्दा पहिल्या पानावर हवा होता.’ ते पान मी खोलीतल्या भिंतीला चिकटवलंय. आजवर माझ्या पुस्तकावर आलेला तो एकमेव अभिप्राय आहे. (मी जिथे मुद्रितं तपासतो त्या छापखान्याच्या मालकांनीही एक दिला होता, पण तो कागद किती फुकट गेला याबद्दल होता.)

तर मुद्दा. युद्ध संपलं आणि दादा परत येणार असं कळलं, इथपासून सुरुवात करायला हवी. पण त्याआधी आमच्या गल्लीचं देशप्रेम सांगायला हवं, नाहीतर पुढचं मी रचून सांगतोय असं तुला वाटेल. दादा आघाडीवर गेला त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या मॅनेजरकाकांनी गॅलरीला झेंडा लावला. (काका बँकेतून निवृत्त झाले, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. अजून समोरचा काही बोलायला लागला की हात वर करून त्याला रांगेत उभं करतात.) समोरच्यांनी त्याहून मोठा लावला. मग काकांनी चादरीएवढा शिवून आणला. असं होत होत काकांचा झेंडा तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीवरून पार पायरीपर्यंत उतरला. झेंड्याविरुद्ध तक्रार कशी करायची ते डॉक्टरांना सुचेना, म्हणून त्यांनी भर दुपारी दिवा लावून दात काढायला सुरुवात केली. एका म्हातारबांचा भलताच दात निघाला. त्यांनी आरशात बघितलं, खिडकीतल्या झेंड्याकडे बघितलं, आणि देशासाठी म्हणून सोडून दिला.

गल्लीत झेंडा नसलेलं घर एकच होतं, आणि ते आमचं. विसरलो असं नाही. आईच्या डोक्यात दुसरं काहीतरी चालू असायचं. ती दिवसभर पोस्टमनची वाट बघायची आणि पोस्टमन आला की आत जाऊन बसायची. (माझी कामगिरी एवढीच की दाराशी जाऊन आलेलं पाकीट साधं आहे की सरकारी, ते आधी बघायचं. तेवढंही मी धडपणे करू शकलो नाही. एकदा माझ्याच पुस्तकाचं साभार परत आलेलं पाकीट बघून मी उंबऱ्यावर मटकन बसलो, आणि आईच्या हातातलं पातेलं पडलं.) एक दिवस मॅनेजरकाका आमच्या घरी आले आणि फार हळुवारपणे म्हणाले की गल्लीत कुजबुज आहे, ज्या घरातून माणूस गेलाय त्याच घरावर झेंडा नसावा हे बरं दिसत नाही. आई भांडी पुसत होती. ती पुसत पुसतच म्हणाली, “माझा मुलगा तिकडे आहे, तुमचा झेंडा इकडे आहे. बदली करायची का?” काका पाणी प्यायले आणि गेले. त्यांनी झेंडा मात्र दुसऱ्या दिवशी स्वतःच आणून लावला, आणि तो छान होता, हेही सांगितलं पाहिजे.

तर दादा येणार असं पत्र आलं आणि काकांनी स्वागत समिती काढली. आता आमच्या गल्लीची एक पद्धत तुला माहीत नाही. इथे तालमीशिवाय काही होत नाही. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा समारंभात एक पाहुणा पायरी समजून हवेत पाय टाकता झाला, तेव्हापासून काकांनी धसका घेतला. भाषणांची तालीम होते, टाळ्यांची होते, पाहुण्यांची वाट बघण्याचीसुद्धा होते. पाण्याच्या नव्या टाकीच्या वेळी रंगीत तालीम इतकी यथासांग झाली की फीत कापली गेली, नळ सुटला, लोक बादल्या भरून घरी गेले. खरे पाहुणे आले तेव्हा टाकीत थेंब नव्हता. बिचाऱ्यांनी कोरड्या नळाचं उद्घाटन केलं आणि लोकांनी तालमीपेक्षा कमी टाळ्या वाजवल्या.

मला समितीत घेतलं, मावशी. कोणीतरी मला काहीतरी लिहायला सांगितलं. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. काका म्हणाले, तू लेखक आहेस, मानपत्र तू लिही. मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात ते पाठ्यपुस्तकात लागलंसुद्धा होतं. मी साधं मानपत्र लिहिणार नव्हतोच. मी दादाच्या घरी राहिलेल्या जुन्या बुटांचं मनोगत लिहिलं. धन्याची वाट बघणारे बूट, असं. सवयीने पूर्णविराम घातले नाहीत. समितीच्या बैठकीत वाचायला उभा राहिलो तेव्हा बँडमास्तर ढोलाची काठी उचलून बसले होते, कारण प्रत्येक वाक्यानंतर ढोल असं ठरलं होतं. पहिलं पान झालं, दुसरं झालं, त्यांचा हात वरच. तिसऱ्या पानावर हात भरून आला तेव्हा त्यांनी नम्रपणे विचारलं, “वाक्य संपलं की सांगाल का?” (तुझी आठवण आली. आनंदाने नाही.) शेवटी बूट गेले, आणि त्याजागी डॉक्टरांनी सुचवलेल्या चार ओळी आल्या. त्यात ‘शूर’ हा शब्द सहा वेळा होता आणि ढोलाला पाच जागा. बँडमास्तरांना त्या फार आवडल्या.

माझं तोंड उतरलेलं बघून असेल, किंवा दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून असेल, काकांनी मला दुसरं काम दिलं. रंगीत तालमीत दादाच्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं होतं. उंची तीच, नाक तेच, चालही मागून बघितली तर तीच. फक्त छातीत जरा हवा भरायला लागेल, असं बँडमास्तर म्हणाले. खरं स्वागत पुढच्या रविवारी, मोठे पाहुणे तेव्हाच मोकळे होते. तालीम या रविवारी. मी म्हटलं, ठीक आहे, बूट नाही तर बुटातला माणूस.

आता यापुढचं वाचताना तू चष्मा काढून ठेवलास तरी चालेल.

रविवारी मला भाजीच्या टेम्पोवर उभं केलं. टेम्पो फुलांनी झाकला होता, पण खाली कालचा कांदा होता, त्यामुळे माझे डोळे निघण्याआधीच पाणावले होते. पुढे बँड, मागे शाळेची मुलं, बाजूला फोटोग्राफर उलटा चालत. मी दादाचा जुना तपकिरी कोट घातला होता. गल्लीच्या तोंडापर्यंत मी मीच होतो. एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकीतून फुलं टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं, मावशी, की तसं माझ्याकडे कोणी कधी बघितलेलं नाही. (आईनेसुद्धा नाही, आणि मी थोरला नसलो तरी शेंडेफळ आहे.) मी हात हलवला. तालमीत हात हलवायचा नव्हता, फक्त वेळ मोजायची होती. पण हात हलला. मग मी नजर जरा खाली घेतली, विनयाने. मग ओठ घट्ट मिटले, सोसल्यासारखे. मग टेम्पोवरून उतरून मंडपापर्यंत चालायचं होतं, तेव्हा कलावंत म्हणून माझ्या मनात आलं की काहीतरी कमी आहे. म्हणून मी लंगडलो.

मला कोणी सांगितलं नव्हतं. दादाच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. पण मी उजवा पाय असा काही ओढला की शेजारच्या गल्ल्यांतून आलेले लोक, ज्यांना ही तालीम आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं, एकदम रडायला लागले.  पुरुष मंडळीही. एक शिक्षक माझ्या गळ्यात पडले. मला स्वतःलाही हुंदका आला, मावशी, आणि यावेळी कांदा बराच मागे राहिला होता.

तेवढ्यात मला दादा दिसला.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलाजवळ, खांद्याला पिशवी, दाढी वाढलेली. लवकर सोडलं म्हणून लवकर आला होता. कळवायला वेळ नव्हता. बसमधून उतरून घरी निघाला होता, तर गर्दीत अडकला. समितीचा एक स्वयंसेवक त्याला हाताने मागे सारत होता आणि काय म्हणत होता ते मला टेम्पोच्या भोंग्यातूनही ऐकू आलं, “ओ भाऊ, मागे सरका जरा, सैनिकांना वाट द्या.” दादा मागे सरकला. स्वयंसेवकाने त्याच्या हातात कागदी झेंडा दिला आणि हलवायला सांगितलं. दादाने माझ्याकडे बघितलं. माझ्या पायाकडे बघितलं. आणि झेंडा हलवला.

तिथे मी थांबायला हवं होतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी मात्र गोंधळून दुसरा पाय ओढायला लागलो. आणि नेमक्या त्याच वेळी, ठरल्याप्रमाणे, फटाके सुटले. समितीने मोठी माळ आणली होती, आवाजही तालमीत तपासून घ्यायचा म्हणून. धूर खाली बसला तेव्हा इस्त्रीच्या टेबलावर कागदी झेंडा होता आणि दादा नव्हता.

मला मंडपात नेलं. वर चढवलं. मानपत्र वाचलं, ढोल पाच वेळा वाजला, आणि उत्तरादाखल मी फक्त आभार मानायचे होते. पण समोर एवढी गर्दी, आणि माझ्या मनात पूर्णविराम नसतात हे तुला माहीत आहेच. मी बोललो. डासाहून मोठ्या शत्रूशी आयुष्यात गाठ न पडलेला मी, युद्ध काय असतं, यावर बोललो. खंदक, थंडी, सोबती. मला काहीही माहीत नव्हतं, म्हणून फार ओघवतं झालं. मॅनेजरकाका, ज्यांना पक्कं ठाऊक होतं की हा वरच्या मजल्यावरचा मुद्रितं तपासणारा आहे, तेसुद्धा रुमाल काढून बसले.

खाली उतरलो तो थेट इस्त्रीवाल्याकडे. तो कपड्यांना इस्त्री करत होता. टेबलावरून एक चादर जमिनीपर्यंत सोडलेली होती, ती आधी नव्हती. त्याने इस्त्रीनेच खाली खूण केली. आत कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये दादा गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही कानांवर हात ठेवून बसला होता. मी वाकून आत शिरलो.  बऱ्याच वेळाने त्याने कान सोडले आणि विचारलं,

“कुठला पाय होता रे?”

“उजवा.”

“मधे डावा झाला होता.”

एवढंच. मग तो हसायला लागला.

मागच्या दाराने त्याला घरी आणलं. आईने दार उघडलं, त्याला बघितलं, आणि पहिलं वाक्य म्हणाली की दाढी काय ही. मग तिने ताट वाढलं. दादा ताटाशेजारी उभाच. आईला वाटलं थट्टा करतोय. ती म्हणाली, अरे बस की, तेव्हा बसला. आता रोज तसंच आहे. कोणी बस म्हटल्याशिवाय त्याला बसवत नाही, आणि बसला की पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. आम्ही येता जाता त्याला बस, बस म्हणत असतो. मी तर परवा त्याला तो बसलेला असतानाही म्हटलं.

आईने काकांना कळवलं की तो आलाय. समिती लगोलग आमच्याकडे. मला वाटलं भेटायला आले असतील. ते काळजीत होते. कार्यक्रम रविवारी, आणि उत्सवमूर्ती आधीच घरात, मग स्वागत कशाचं करायचं? बऱ्याच चर्चेनंतर असं ठरलं की दादा अजून आलेला नाही. म्हणजे घरात असेना का, पण अधिकृतरीत्या आलेला नाही. रविवारपर्यंत गॅलरीत येऊ नये, खिडकीत उभं राहू नये, आणि रविवारी मागच्या रस्त्याने बस थांब्यावर नेऊन त्याला परत आणावा. दादा आतल्या खोलीतून हे ऐकत होता. तो म्हणाला, उत्तम, मी आलेलो नाही. मला वाटतं घरी आल्यापासूनचं त्याचं ते सगळ्यात आनंदी वाक्य होतं.

सोमवारी वर्तमानपत्र आलं. फोटोग्राफरने फोटो पाठवला होता. पाठवायचाही सराव म्हणून, असं तो म्हणतो. पहिल्या पानावर मी. कोट, मिटलेले ओठ, ओढलेला पाय, खाली दादाचं नाव. (पहिल्या पानावर यावं ही माझी कॉलेजपासूनची इच्छा. तुझी तर मुद्दा यावा अशी होती. माझी दादाच्या नावाने पुरी झाली, तुझी राहिली.) तेव्हापासून गल्लीबाहेर मी दादा आहे. न्हाव्याने मला खुर्चीवरून उठून सलाम केला. बसमध्ये एका बाईंनी मला जागा दिली, आणि मी ती घेतली, मावशी, वर बसताना पाय जरा धरला. (मलाच माझा राग येतो, पण जागा खिडकीची होती.)

आणि दादा गल्लीबाहेर मी झाला. मंगळवारी आम्ही दोघं मागच्या रस्त्याने जरा पाय मोकळे करायला गेलो. कोपऱ्यावरच्या पुस्तकाच्या दुकानदाराने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि दादाला विचारलं, तुम्ही यांचे धाकटे का, लिहिता म्हणे. दादा म्हणाला, हो. दुकानदार म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचं पुस्तक मला कळलं नाही. दादा फार गंभीरपणे म्हणाला, मलाही नाही. मग दोघं बराच वेळ माझ्या पुस्तकावर बोलले, आणि मी बाजूला उभा राहून देशाचा अभिमान म्हणून स्मित करत होतो. परत येताना दादा म्हणाला की बरं वाटलं. आल्यापासून कोणी त्याला काही विचारलं नाही, तिकडे कसं होतं म्हणून. सगळे मलाच विचारतात. मी सांगतोही.

हे असंच चालू राहिलं असतं तर मला काही हरकत नव्हती. पण तालमी थांबलेल्या नाहीत. खाली रोज दुपारी बँड, आणि शाळेची मुलं, आणि मधेच एखादा फटाका, ओला निघू नये म्हणून. पहिल्या दिवशी दादा माझ्या खाटेखाली जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी खाटेखाली गेला पण झोपला नाही. मी खाटेवर, तो खाली, आणि मी त्याला माझी नवी कथा वाचून दाखवली, झोप यावी म्हणून. (यापूर्वी तिने कधी दगा दिला नव्हता.) झोप आली नाही. आई दाराशी येऊन बघून जायची. एकदा ती गॅलरीत गेली आणि खाली बँडमास्तरांकडे नुसती बघत राहिली. ते वाजवायचे थांबले. ती आत आली की पुन्हा सुरू.

शेवटी मी धीर एकवटून मॅनेजरकाकांकडे जायला निघालो, की हा कार्यक्रम रद्द करा, निदान फटाके तरी नको. जिन्यातच काका वर येताना भेटले. ते माझ्याकडेच येत होते. फार अवघडलेले. माझा हात धरून मला जिन्याच्या कोपऱ्यात नेलं आणि म्हणाले की अडचण झाली आहे. मोठ्या पाहुण्यांनी वर्तमानपत्र बघितलं. फोटो बघून ते हेलावले. भाषणात ते त्या पायाचा खास उल्लेख करणार आहेत. आता रविवारी दुसराच चेहरा पुढे केला, आणि तोही दोन्ही पायांवर नीट चालणारा, तर पाहुण्यांचा केवढा अपमान होईल.

“म्हणजे दादा नको?” मी विचारलं.

“तसं नाही रे. तो आहेच की आपला. पण तुझी तालीम झालेली आहे.”

मी इथे ताठ उभं राहून, डोळ्याला डोळा भिडवून काहीतरी बोललो असं लिहायची फार इच्छा आहे. मी दोन मसुदे केले या वाक्याचे. पण खरं असं की माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यावेळी भाषण आधी लिहून काढता येईल. दुसरा विचार दादाचा होता, आणि तो जरा उशिरा आला तरी आला. मी म्हटलं, उभा राहतो, पण फटाके नकोत. काकांनी सवयीने हात वर करून मला थांबवलं. मग तो हात हळूहळू खाली आला आणि ते म्हणाले की फटाके पाहुण्यांकडूनच भेट आलेले आहेत, ते त्यांच्यासमोर वाजले नाहीत तर कसं. मग आमच्या दाराकडे बघत, एकदम बँकेचा आवाज सोडून त्यांनी विचारलं, “झोपतो का तो?” मी म्हटलं, नाही. ते तिथेच थोडा वेळ उभे राहिले. त्यांना जिना चढायचा होता की उतरायचा ते आठवत नसावं. म्हणाले, त्याला रविवारपुरतं कुठेतरी पाठवता आलं तर बघ. आणि खाली गेले.

मी घरात येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, खाली जाऊन झेंडा काकांच्या अंगावर टाकेल. ती म्हणाली की त्याच्यावाचून अडत नसेल तर बरंच आहे, म्हणजे त्याला जाता येईल. आणि माळ्यावरची पिशवी काढायला लागली.

असो. इकडची हालहवाल ही अशी. पत्र लिहिण्याचं खास कारण काही नाही, सहज आठवण आली म्हणून लिहिलं. नव्या पुस्तकात मी पूर्णविराम घालतो आहे. काकांना नमस्कार. रेडिओला हळू मारत जा म्हणावं. आई तुझी रोज आठवण काढते, विशेषतः मी जेवताना बोललो की.

तुझा
(पहिल्या पानावर आलेला) भाचा

ता.क. खास कारण आहे. मावशी, दादाला तुझ्याकडे ठेवून घे. रविवारपुरतं असं मॅनेजरकाका म्हणाले, पण तू तसं धरू नकोस. आम्ही लहानपणी तुझ्याकडे सुट्टीत यायचो तेव्हा जेवणानंतर चार वाजेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही, अशी तुझी शिस्त होती. दार वाजवायचं नाही, पळायचं नाही, हसायचं तर उशीत तोंड खुपसून. मी तुला मनात काय काय नावं ठेवली होती. दादा काल म्हणाला की तिकडे असताना त्याला आमच्या घरापेक्षा त्या दुपारा जास्त आठवायच्या. पंख्याची करकर, आणि तू दाराशी पाटावर बसलेली, कोणी उठतंय का बघत. ती शिस्त अजून असेल तर त्याच्यासाठी थोडी वाढव. चारला उठवू नकोस.

दुसरा ता.क. त्याला काही विचारू नकोस. तिकडचं काही ऐकायचंच असेल तर मला विचार, मी भरपूर सांगतो. शेजारी कोणी विचारलं तर हा माझा धाकटा भाचा, पुस्तकं लिहितो, असं सांग. कोणी पुढे काही विचारत नाही, हा माझा अनुभव आहे. काकांना टाळ्या वाजवू देऊ नकोस. आणि तुझ्या मोठ्या पत्र्याच्या पेटीचं झाकण जरा धरून लावत जा.

तिसरा ता.क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या आतापर्यंत लक्षात आलं असेल. ज्याने ते तुझ्या हातात दिलं तो तिथेच तुझ्यासमोर उभा असेल, पिशवी खांद्यालाच, तुझं वाचून व्हायची वाट बघत. त्याला वाटतंय मी तुला पुस्तकाबद्दल काहीतरी लिहिलंय. हे पहिल्या पानावर लिहायला हवं होतं, मला कळतंय, लाल पेन्सिल नंतर काढ.

आधी त्याला बस म्हण.